पाडव्याला पुसलेले पत्ते

माजलगाव,
१० नोव्हेंबर २००२, रविवार

सौ. गीताबाई यांना,

पत्राच्या आरंभी आमच्या लिंगायत घरात 'शरणु शरणार्थी' लिहितात. तुमच्या वारकरी घरात 'रामकृष्ण हरी' लिहीत असतील. एक लिहिलं तर दुसऱ्याचा अपमान होईल की काय, या विचारात माझा एक कागद वाया गेला. म्हणून दोन्ही लिहिते आणि दोन्ही मनापासून लिहिते.

तुम्ही मला पाहिलेलं नाही. इथे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, शिवलिंगअप्पांचं बियाण्यांचं दुकान आहे, त्यांची मी मुलगी, वर्षाराणी. नाव वाचून पत्र मिटावंसं वाटलं तर मला राग येणार नाही. फक्त चुलीत घालण्याआधी पुढचं पान वाचा, एवढीच विनंती. हे पत्र टपालानं न पाठवता चंद्रभागाबाई कासारणींच्या हाती देते आहे. त्या गेवराईकडचे बाजार करतात आणि उमापूरला तुमच्या ओसरीवर बांगड्या भरायला बसतात, असं त्यांनीच सांगितलं. टपाल आधी तुमच्या मुलाच्या, अमरसिंहदादांच्या हातात पडतं, हेही त्यांनीच सांगितलं.

इकडे सगळे बरे आहेत. हरभऱ्याचं बी यंदा लवकर खपलं. साखर कारखाना सुरू झाल्यामुळे गावभर मळीचा वास आहे आणि सकाळी धरणाकडून धुकं येतं. ते इतकं दाट असतं की समोरच्या आडत दुकानाची पाटी नऊ वाजेपर्यंत दिसत नाही. तुमच्याकडेही थंडी पडली असेल. सांभाळून असा.

आता कामाचं लिहिते. तुमची प्रियदर्शनी आणि माझा दादा बसवेश यांनी औरंगाबादला परस्पर लग्न केलं, त्याला तीन वर्षं होत आली. त्या दिवसापासून आमच्या दुकानात उमापूरचं गिऱ्हाईक आलं की अप्पा त्याला पाणी देतात, पण कुठून आलात ते विचारत नाहीत. तुमच्या घरी काय झालं असेल ते मला कळतं. ती दोघं आता मस्कतला असतात. दादा तिथे एका कंपनीत आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मला त्यांचे ई-मेल येत असत आणि मी उत्तर देत असे. बियाण्यांच्या कंपन्यांची टपालं मीच टाइप करते, त्यामुळे मी बसलेली दिसले तरी कुणाला काही वाटत नसे.

या दिवाळी पाडव्याला ते सगळं गेलं.

कसं गेलं ते सांगते. तुमच्याकडे शेती आहे, पण आडतीशी संबंध असल्यामुळे पाडव्याला नवी वही कशी घालतात ते तुम्हाला ठाऊक असेल. वही नवी, दोरी नवी, पहिल्या पानावर श्री. अप्पांचा दंडक असा की नव्या वहीत पूजेच्या आधी शाईचा एक ठिपकासुद्धा असू नये. यंदा कॉम्प्युटरमध्ये नवीन सॉफ्टवेअर घालायचं ठरलं, तेव्हा अप्पांनी त्यालाही पाडव्याचाच मुहूर्त धरला. बीडहून गहिनीनाथ नावाचा इंजिनिअर आला. आईनं मॉनिटरला हळदकुंकू वाहिलं, फुलांची माळ घातली. मी आरतीचं ताट धरून उभी होते.

गहिनीनाथनं विचारलं, "अप्पा, आतलं जुनं काय काय ठिवायचं?"

अप्पा म्हणाले, "नव्या वहीला जुनी पानं शिवतेत का बे? कोरं कर."

"समदं?"

"समदं. हिशोब कागदावर काढून घेतलाय. बाकीचं काय करायचं?"

आणि त्यानं कोरं केलं. कनेक्शनसुद्धा नवीन घेतलं, नव्या नावाचं. जुन्या नावावर आता कुणी ई-मेल पाठवला तर तो कुठे जातो, असं मी त्याला हळूच विचारलं. तो माळेतलं झेंडूचं फूल बाजूला सारत म्हणाला, "कुठंच न्हाई जात ताई. हवेत ऱ्हातंय."

तेव्हापासून मला हवेकडे बघवत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसताना दारात बसलं की वाटतं, ही धूळ नाही, पत्रं आहेत. उन्हाच्या तिरिपेत वरखाली होतात, पण खाली बसत नाहीत.

दादाचा पत्ता मी कुठेही लिहून ठेवला नव्हता. घरात कागद सापडला असता, आणि यंत्र विसरत नाही असं क्लासमध्ये शिकवलं होतं. पत्त्यात दादाचं आणि प्रियदर्शनीचं नाव मिळून काहीतरी आहे आणि शेवटी आकडे आहेत. ते आकडे आठवत नाहीत. मी वेगवेगळे घालून पाहिले. ई-मेल 'पोहोचला नाही' म्हणून परत आले. फक्त एक परत आला नाही. तो कुणाकडे गेला, कुणास ठाऊक.

तुमच्याकडे त्यांचा पत्ता किंवा फोन नंबर आहे का? असेल तर चंद्रभागाबाईंना सांगा, कागदावर लिहू नका. एका ई-मेलचं उत्तर द्यायचं राहून गेलं आहे. फार महत्त्वाचं नाही.

खरं म्हणजे आहे. पण ते लिहायला मला अजून परवानगी नाही.

आगाऊपणाबद्दल क्षमा करा.

आपली,
वर्षाराणी


माजलगाव,
२६ नोव्हेंबर २००२

सौ. गीताबाई मावशींना शरणु आणि रामकृष्ण हरी.

न विचारता 'मावशी' लिहिलं आहे. आवडलं नाही तर खोडून वाचा.

चंद्रभागाबाई परवा आल्या. दुकानात बसल्या, पाणी प्यायल्या, आणि अप्पा आत पोती मोजायला गेल्यावर म्हणाल्या, "पोरी, तिच्यापशी काईच न्हाई. पत्ता न्हाई, फोन न्हाई. त्या घरात तिचं नावसुदिक घेत न्हाईत. पत्र वाचलं, घडी घातली, हरिपाठाच्या पोथीत ठिवलं. मी बांगड्यांचं गाठोडं बांधून उठले तवा दारापत्तोर आली आन् हळूच इचारलं."

"काय विचारलं?"

"म्हनली, ती नीट जेवती का?"

मावशी, त्या गेल्यावर मी भुसाराच्या खोलीत जाऊन बसले. मी तुम्हाला पत्ता विचारला होता. तुम्ही आठवणीनं विचारलंत ते जेवणाचं. मग मला वाटलं की परवानगी कुणाची घ्यायची ते मी चुकीचं समजत होते.

जेवते. म्हणजे प्रियदर्शनीवहिनी आता जेवते. आधीचे काही महिने काही पोटात ठरत नव्हतं. ज्वारीची भाकरी आणि ठेचा मागायची, तिथे ज्वारी मिळेना. दादा गावभर फिरून कुठलं तरी पीठ आणायचा आणि ते थापताना तुटायचं. वहिनीनं लिहिलं होतं, 'तुझा दादा भाकरी करतो, आम्ही ती चमच्यानं खातो.' आता सातवा महिना लागेल.

लिहून टाकलं. 'माझ्या आईला कळवू नकोस, अमरसिंहला कळेल आणि तो यांच्या अंगावर जाईल,' असं वहिनीनं मला बजावलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. दिलेला शब्द मी आजवर कधी मोडला नाही. मोडताना कसं वाटतं ते आज कळलं. जिन्याची एक पायरी नसावी तसं वाटतं.

आता सगळंच सांगते. पाडव्याच्या आदल्या दिवशी तिचा ई-मेल आला होता. ती दोघं यायचं म्हणतात. मार्गशीर्षातल्या एकादशीला दुपारपर्यंत नारायणगडाच्या देवस्थानी पोहोचतील. तिनं लिहिलं होतं, 'घरी यायचं धाडस नाही. गडावर कुणी कुणाला अडवत नाही. तू येशील का? तुझ्या आईंना आणशील का? एकजण जरी उभं असेल तर पुढचं बघू. उत्तर पाठव. उत्तर आलं नाही तर आम्ही समजून जाऊ, तिकिटं काढणार नाही, पुन्हा त्रास देणार नाही.' पहिलं बाळंतपण आहे, पण माहेर हा शब्द तिनं एकदाही लिहिला नव्हता.

मी ठरवलं, पाडवा झाला की सवडीनं नीट उत्तर लिहू. तुम्हाला माझा स्वभाव माहीत नाही. मला एक ओळ लिहायची तर आधी दोन दिवस विचार करावा लागतो. दुसऱ्या दिवशी सगळं कोरं झालं. ताट हातात धरून मी नुसती बघत राहिले. 'पत्ते ठेवा' म्हटलं असतं तर अप्पांनी सगळ्यांसमोर 'कुणाचे?' विचारलं असतं, आणि मला खोटं बोलता येत नाही. त्याच अप्पांनी मला लिहायला शिकवलं. लहानपणी मला दमा होता म्हणून चौथीपर्यंत शाळेत घातलं नाही. मी दुकानात त्यांच्याजवळ बसायची. खताच्या पोत्यावरची नावं वाचून बाराखडी झाली. पाटी हातात दिली की ते म्हणायचे, "आधी श्री लिही. मग काय लिहायचं ते लिही." अजून माझ्या कुठल्याही कागदावर डोक्याशी बारीक श्री असतो. या पत्रावरही बघा, कोपऱ्यात आहे.

आता तिकडे ती दोघं काय समजत असतील? उत्तर आलं नाही, म्हणजे माझा नकार. याच विचारानं मी झोपते आणि यानंच जागी होते.

एक स्वप्न पडतं. आमच्या धरणात जुनी गावं बुडाली आहेत. त्या गावांची माणसं अजून आमच्या दुकानात येतात आणि गाव विचारलं की पाण्याखालच्या गावाचंच नाव सांगतात. स्वप्नात मी धरणाच्या भिंतीवरून खाली बघते, तर पाण्याखाली दिवे लागलेले असतात. गल्ल्या असतात, ओसऱ्या असतात, आणि एक पोस्टमन सावकाश, पाण्यात चालावं तसा, दारोदार फिरत असतो. त्याच्या हातात माझा तो एक ई-मेल असतो, परत न आलेला. तो एका दाराशी थांबतो. दार उघडतं का ते मला कधीच दिसत नाही. पण स्वप्न भीतीचं नाही. फार शांत आहे. जागं व्हावंसं वाटत नाही.

मावशी, एक गोष्ट मला काल हरभरा मोजताना सुचली आणि मी मोजणं विसरले. वहिनीनं लिहिलं, आईला सांगू नको. मग दिवस एकादशीचा आणि ठिकाण गड, हे तिनं का निवडलं? चंद्रभागाबाई म्हणाल्या की तुम्ही दर एकादशीला गडावर जायचात, प्रियदर्शनी लहान होती तेव्हा तिला कडेवर घेऊन जायचात. ती गेल्यापासून तुम्ही जाणं सोडलंत, हे तिला ठाऊक नाही. तिला अजून वाटतं की त्या दिवशी तुम्ही तिथे असताच. तिनं मला बोलावलं, पण दिवस तुमचा निवडला.

ती दोघं येतील का, मला माहीत नाही. बहुतेक नाही येणार. तरी मी जाऊन उभी राहणार आहे. तुम्हाला या असं म्हणण्याचा मला काही अधिकार नाही. फक्त त्या दिवशी एकादशी आहे, एवढं कळवते.

तुमची,
(पुढे काय लिहावं ते ठरत नाही)
वर्षाराणी


माजलगाव,
१८ डिसेंबर २००२

मावशी,

आज काही घोळ न घालता सरळ सुरुवात करते. पण वर शरणु आणि रामकृष्ण हरी आहेच असं समजा.

तुम्ही म्हणाल, परवा तर भेटलो, हिला आता लिहायचं काय आहे? मावशी, मला अजून ते खरं वाटत नाही. लिहून काढल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंच तुम्हाला लिहिते, आणि थोडं ठाऊक नसलेलं.

माझ्या दुसऱ्या पत्राला तुमचं उत्तर आलंच नाही. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "पत्र वाचलं बाई. हिरवा चुडा मागितला. मी तिचा हात धरला तर म्हनली, माझ्या मापाचा नगं, जरा बारीक हाताचा दे. कावून गं, असं म्हनलं तर निस्ती हसली. लई दिसानं हसताना बघितली." हे ऐकल्यावर मी त्यांच्याकडून नको असताना डझनभर बांगड्या घेतल्या.

एकादशीच्या आदल्या दिवशी मी आईला सांगायचं ठरवलं. भाकरी थापता थापता तिनं माझ्याकडे न बघताच म्हटलं, "गडावर मीबी येते."

"कुठल्या गडावर?"

"राणे, मला काय कळत न्हाई व्हय? तू त्या मशीनपुढं बसून हसायचीस. युरियाचं टपाल वाचून कुनी हसतंय का?"

तीन वर्षं ती सगळं ओळखून होती आणि मी तिच्यापासून लपवत होते. पण अप्पांना काय सांगायचं? आमच्या घरचे कपिलधारला जातात, नारायणगडावर नाही. आई म्हणाली, कपिलधारला जातो असं सांगू. मी म्हटलं, ते खोटं होईल. शेवटी आम्ही पहाटे जीपनं खरंच कपिलधारला गेलो, समाधीचं दर्शन घेतलं, धबधब्याखाली हात धुतले, आणि तिथून गडावर आलो. आई वाटेत म्हणत होती, "तुझ्या खरेपणापायी दोन देव घडले."

गडावर धुकं होतं. तुम्हाला आठवत असेल, दुपार होत आली तरी पुरतं उठलं नव्हतं. माणसं पायऱ्यांवर नुसती कमरेपासून वर दिसत होती, पाण्यात उभी असावीत तशी. मला वाटलं, हे माझंच स्वप्न आहे, फक्त आता मी खाली आहे, त्या गल्ल्यांमध्ये. मग ओट्यावर तुम्ही दिसलात. मी तुम्हाला आधी कधी पाहिलं नव्हतं. पण मांडीवर पिशवी घेऊन, ती दोन्ही हातांनी धरून, पायऱ्यांकडे एकटक बघणारी दुसरी कोण असणार? मी जवळ येऊन पाया पडले. तुम्ही नाव विचारलं नाही. "इथं सावलीत बस," एवढंच म्हणालात. आई आणि तुम्ही एकमेकींकडे बघितलंत आणि मग एकदम दोघीही गर्दीकडे बघायला लागलात.

आपण किती वेळ बसलो? मला कळलं नाही. फराळाचे शेंगदाणे आईनं तुमच्या पदरात ओतले आणि तुम्ही ते मोडून मोडून खाल्लेत. मी मनात म्हणत होते, ते येणार नाहीत, मी उत्तर दिलेलं नाही.

आणि धुक्यातून आधी दादाचं डोकं आलं. मग हिरव्या साडीतली ती, एक हात कमरेवर ठेवून. तिनं मला पाहिलं, आईला पाहिलं, आणि मग तुम्हाला. ती तिथेच थांबली. एक पायरी वर नाही, एक पायरी खाली नाही. तुम्ही उठून गेलात आणि काय म्हणालात ते मी जन्मभर विसरणार नाही. "एवढं वझं घिऊन पायऱ्या चढत्यात का, येडे?" एवढंच. रडणं मग झालं, ते सगळ्यांनीच केलं.

मी दादाला विचारलं, माझा ई-मेल मिळाला का? एक परत आला नव्हता. तो म्हणाला, काहीच मिळालं नाही. म्हणजे तो दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात गेला. मावशी, एका अनोळखी माणसाला माझं पत्र गेलंय, 'या, आम्ही वाट पाहतोय' असं लिहिलेलं. त्याची मला काळजी वाटते. तो आला तर?

मग मी वहिनीला विचारलं, "उत्तर नव्हतं, तर तुम्ही दोघं आलातच कसे?"

ती हसायला लागली. "अगं, तुला नको म्हणायचं असतं तर तू चार पानं माफी मागून नको म्हणाली असतीस. तुझ्याकडून एक अक्षर आलं नाही, तेव्हाच मी यांना म्हटलं, तिकडं काहीतरी बिघडलंय. राणी गप्प बसून नकार देणाऱ्यातली नाही. काढा तिकिटं."

माझ्या या स्वभावाला घरात सगळे हसतात. मीसुद्धा त्याला कंटाळले होते.

मग तुम्ही पिशवीतून चुडा काढलात आणि तो तिच्या हातात चढेना. हात सुजले होते. तुम्ही तीन वर्षांपूर्वीचं माप धरलं होतं. दोन बांगड्या तिथेच तडकल्या. आई म्हणाली, राहू द्या विहीणबाई, जोर नका करू. तेव्हा तुम्ही बांगड्या पुन्हा रुमालात बांधल्या आणि म्हणालात, "घरी गेल्यावर साबन लावून भरू." तुमच्या लक्षातही आलं नसेल. वहिनीनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. घरी, असं तुम्ही म्हणाला होतात.

आणि लगेच मला तुम्ही ओट्यावर सांगितलेलं आठवलं की घरी नेणारी गाडी अमरसिंहदादांची आहे आणि ते खाली थांबले आहेत. एकादशी म्हणून तुम्हाला सोडायला आले, यापलीकडे त्यांना काही माहीत नाही. पायऱ्या उतरताना दादा पुढे झाला. मी त्याचा शर्ट मागून धरला होता, लहानपणी बाजारात धरायची तसा. 'दिसला की तंगडी मोडीन' असं ते चारचौघांत म्हणाले होते, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे.

ते जीपला टेकून पान खात होते. त्यांनी बहिणीला पाहिलं. चघळायचे थांबले. पोटाकडे पाहिलं. मग तिच्या पायांकडे, चपलांकडे. तुम्ही तिचा हात सोडला नाहीत, ते मी पाहिलं. ती आपली मागच्या दाराकडे वळली. ते बाजूला जाऊन पान थुंकून आले आणि पुढचं दार उघडून म्हणाले, "मागं हिसके बसतेत. फुडं बस."

मग दादाकडे वळून, "तू बघतो काय बे? बॅगा टाक वर."

गाडी धुक्यात गेली तरी आई हात हलवत होती. मी म्हटलं, आई, दिसत नाही आता. ती म्हणाली, त्यांना आपण दिसत असू.

इथपर्यंत तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं सांगते.

घरी आलो तेव्हा अप्पा दुकानात होते. आईनं सांगितलं, "कपिलधारहून गडावर गेलो. पोरं आलती. तिला सातवा लागलाय, माहेरी गेली." जेवायला वाढताना सांगावं तशा आवाजात सांगितलं. अप्पांनी काट्यावरचं माप उचललं, पुसलं, परत ठेवलं. रात्री जेवले. जेवताना आमच्याकडे बघितलं नाही, पण भाकरी दोनदा मागितली. मला आशा वाटली आणि आशा वाटली याचीही भीती वाटली.

काल दुपारी दुकानात कुणी नव्हतं. दादानं गडावर माझ्या तळहातावर त्याचा पत्ता पेनानं लिहिला होता. तो पुसेल म्हणून मी दोन दिवस उजव्या हातानं पाण्याचं काम केलं नाही. कॉम्प्युटर लावला. नव्या सॉफ्टवेअरमधली पत्त्यांची वही उघडली. ती अजून कोरीच होती, मला कुणाचाच पत्ता घालायला मन होत नव्हतं. मी हात समोर धरून एकेक अक्षर टाइप करायला लागले, तर मागे अप्पा उभे. कधी आले ते कळलं नाही. त्यांना इंग्रजी वाचता येतं, खतांच्या पोत्यांपुरतं. ते माझ्या खांद्यावरून एकेक अक्षर जुळवत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. दादाचं नाव जुळून झालं तेव्हा श्वास थांबला.

मी हात झाकला नाही. झाकावासा वाटला, पण झाकला नाही.

मग ते म्हणाले, "नवी वही हाय ना ही?"

मी म्हटलं, "हो अप्पा."

"मग आधी श्री लिही."

आणि ते बाहेर जाऊन गिऱ्हाईक नसताना काट्यापाशी बसले.

मी दादाचं नाव खोडलं. आधी श्री लिहिला, इंग्रजी अक्षरांत का होईना. पत्त्याच्या जागी काही लिहिलं नाही. यंत्रानं विचारलं, पत्ता नाही, तसंच ठेवू का? मी म्हटलं, ठेव. मग त्याच्याखाली दादा आणि वहिनी.

पण मावशी, एक अडचण झाली आहे. हे यंत्र नावं आपोआप इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावतं. त्यामुळे श्री खाली गेला आहे आणि दादा सगळ्यांच्या वर बसला आहे. काही केलं तरी हलत नाही. अप्पांना अजून सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, या विचारात आहे.

ते दादाशी अजून बोललेले नाहीत. दादा नाताळानंतर मस्कतला परत जाणार, त्याआधी बोलतील की नाही, मला माहीत नाही. पण आज सकाळी त्यांनी नव्या ज्वारीचं एक पोतं बाजूला काढून ठेवलं आणि कुणाचं म्हणून विचारल्यावर 'असू दे' म्हणाले. तुमच्याकडे ज्वारीला काय तोटा? तरी कुणी पोतं घेऊन आलं तर परत पाठवू नका.

तिला सांभाळा. हातांची सूज उतरली की चुडा भरा. बारशाला नाव ठेवायला आत्या लागते, ती मी आहे, हे आजवर कुठे लिहायला मिळालं नाही. म्हणून इथे लिहिते आणि बोलावणं येण्याची वाट पाहते.

तुमच्या लेकीची नणंद,
येणाऱ्या बाळाची आत्या,
वर्षाराणी